दोन गाड्या आणि सासऱ्यांचा बंब

प्रिय गंगाधरपंत,

'पंत' वाचून हसू नकोस. गेलेल्या माणसाला नुसतं गंग्या म्हणू नये, असं आमच्या घरून बजावण्यात आलं आहे. पण शाळेपासून जी हाक मारली ती एका पावसाळ्यात सुटते थोडीच? तेव्हा पंत एवढ्यापुरतेच. यापुढे गंग्याच.

पत्र लिहायचं कारण असं, की काल सकाळी कचेरीच्या आवारात दोन बैलगाड्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या शेजारी सामानाचा एक ढीग पडला. परवा सकाळी रावसाहेबांची फिरती निघायची आहे. तीच आपली नेहमीची, जव्हारहून मोखाड्याच्या बाजूला, हद्दीच्या खुणा तपासायला. तू असतास तर तो ढीग तासाभरात गाड्यांत गेला असता आणि वर गाडीवान लहानूला बसायला जागा उरली असती. मी काल दिवसभरात तीनदा गाड्या भरल्या आणि तीनदा उपसल्या. पहिल्यांदा राहुटीचे खांब बाहेर राहिले. दुसऱ्यांदा खांब आत गेले, पण दफ्तराचे कागद बांधलेले सगळे रुमाल बाहेर. तिसऱ्यांदा सगळं आत गेलं! मी टाळी वाजवली, तेवढ्यात मागचा भार जास्त होऊन गाडी उलाळ झाली आणि जू आभाळाकडे गेलं. बैल जुंपलेले नव्हते हे नशीब.

रावसाहेब ओसरीवर उभे राहून सगळं बघत होते. म्हणाले, "सदाशिवराव, तिसरी गाडी मिळणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर फिरतीवर मी दुसरा कारकून नेईन. तुम्ही इथे बसून टपालाचे लखोटे चिकटवा."

लखोटे! अकरा हिवाळे मी तुझ्याबरोबर डोंगर तुडवले आणि आता म्हातारपणी जिभेने डिंक ओला करत बसू? सांग ना!

यात मजा अशी आहे, की अकरा वर्षं मीच चारचौघांत म्हणत आलो, "गाडी भरण्यात काय मोठी विद्या आहे? दोरी आणि दोन हात पुरतात." तू काही बोलायचा नाहीस. दोरीचं टोक दातात धरलेलं असायचं म्हणून बोलत नाहीस, असं मला वाटायचं.

काय तुझे ते नियम! जड ते आखावर, चाकांच्या बरोबर मध्ये. मऊ ते कडेला. आणि रिकामं काही न्यायचंच नाही. "सद्या, आपण हवा वाहायला बैल घेतलेत का?" असं म्हणून तू माझ्या हातातला तांब्या काढून घ्यायचास आणि त्यात डाळ भरायचास. पातेल्यात पातेलं, त्यात डबा, डब्यात सुपाऱ्या. कंदिलाच्या काचा रावसाहेबांच्या बुटांत. एकदा रावसाहेबांनी सकाळी घाईत बुटात पाय घातला तेव्हा काच वाचली, पण तुझी नोकरी जाता जाता राहिली. तू शांतपणे म्हणालास, "साहेब, दोन काचा निघाल्या, एकीलाही तडा नाही." यावर माणूस काय रागावणार?

आणि तुझी ती गाठ. कितीही ताण आला तरी न सुटणारी, पण बारकं टोक ओढलं की एका झटक्यात मोकळी होणारी. मला ती कधी आली नाही. मी आपला चाकूने दोरी कापायचो आणि तू हातभर तुकडे गोळा करत माझ्या नावाने बोटं मोडत हिंडायचास.

बरं, आता बंबाकडे येतो. टाळून कुठे जाणार?

अकरा वर्षांपूर्वी छातीच्या त्या दुखण्यातून मी उठलो तेव्हा वैद्यांनी थंड पाण्याला हात लावायचा नाही असं सांगितलं आणि सासऱ्यांनी नाशिकहून तांब्याचा बंब पाठवला. कमरेएवढा उंच, खाली पितळी तोटी, मधून विस्तवाची नळी, आणि वजन असं की उचलायला दोन माणसं लागावीत. घरी ठेवावा की नाही? पण तो फिरतीवर न्यायचा मी हट्टच धरला. मोखाड्याच्या बाजूची थंडी आणि माझी छाती, यांची गाठ पडू द्यायची नाही असं घरूनही ठरलं होतं. पहिल्या वर्षी मी तो आवारात आणून उभा केला, तेव्हा तू त्याच्याभोवती दोनदा फिरलास, टिचकी मारून पाहिलीस आणि एवढंच म्हणालास, "पोकळ आहे ना? मग झालं."

झालं म्हणजे काय झालं, ते मला मुक्कामावर कळलं. तू पहाटेच रावसाहेबांबरोबर हद्दीच्या दगडांकडे गेला होतास. मी उठलो, अंधारातच दोन घागरी पाणी बंबात ओतलं, विस्तव घातला आणि पंचा गुंडाळून वाट बघत बसलो. पाणी तापलं असेल म्हणून तोटी फिरवली, तर काही नाही. फुंकलं, काडी घातली, तेव्हा त्यातून घट्ट पांढरं काहीतरी ओघळायला लागलं. झाकण काढून बघतो तो काय, सबंध बंब फुगून आलेल्या भाताने गच्च! दोन पायली तांदूळ भरून ठेवताना मला एका शब्दाने सांगता येत नव्हतं? "हवा वाहायची नाही" हे बैलांना माहीत होतं, मला नव्हतं!

मी पंच्यावर उभा, समोर पेज गळतेय, आणि लहानू गडबडा लोळतोय. तो दिवसभर रावसाहेब सोडून जो भेटेल त्याला सांगत होता, "सदाभाऊ भाताचे पान्यान आंग धवं!" सगळ्या मुक्कामाने दोन दिवस तो भात खाल्ला. रावसाहेबांनी तर चव वेगळी लागते म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतला. कसली चव, ते आपण दोघांनी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.

आणि विस्तवाच्या नळीत तू काय कोंबलं होतंस? हद्दीचे नकाशे! मी नळीत निखारे टाकण्याआधी तू ते काढून नेलेस म्हणून संस्थान वाचलं. पण घरची काजळी नकाशाला लागायची ती लागलीच. पलीकडचे इंग्रजी अमलातले मामलेदार चष्मा लावून म्हणाले, "हा काळा ओढा आमच्या नकाशात नाही." तू चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणालास, "उन्हाळ्यात आटतो, साहेब." हिवाळा चालू होता रे!

असा तू. रावसाहेबांची दातकोरणीसुद्धा न विसरणारा. आणि स्वतःचं अंथरूण मात्र दर फिरतीला विसरणारा!

एकदा नाही, दोनदा नाही, अकरा वेळा. "अरेच्चा, वळकटी राहिलीच की घरी!" मग माझ्या गादीवर अर्धी जागा तुझी आणि माझी घोंगडी पहाटेपर्यंत सगळीच तुझी. कारणं तरी किती! उंदरांनी कुरतडली. वहिनींनी धुवायला काढली. पाहुणे आले होते. मी अख्ख्या कचेरीत तुझं नाव विसरभोळा गंग्या पाडलं. लोक हसायचे, त्यांच्यात तूही हसायचास.

आता तेही लिहायलाच हवं. गेल्या माघातली ती शेवटची फिरती. पाणी गोठेल असा गारठा होता. तू पुन्हा म्हणालास, "राहिलीच की रे." आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आज नाही देणार घोंगडी. लहान मूल आहेस का? एकदा कुडकुडलास म्हणजे आठवण राहील." तू वाद घातला नाहीस. उठलास आणि लहानूच्या शेकोटीपाशी जाऊन बसलास. मी एकटाच गादीवर हातपाय ताणून झोपलो, आणि सकाळी वर ऐटीत विचारलं, "काय, राहील का आठवण?"

तू श्रावणात तापाने गेलास. त्या थंडीचा आणि तापाचा काही संबंध नाही, हे वैद्यांनी मला तीनदा सांगितलं. मी तीनदा विचारलं होतं.

आज सकाळी अगदीच हात टेकले तेव्हा तुझ्या घरी गेलो. म्हटलं, तुझी काही यादी, काही टिपण सापडेल. वहिनी म्हणाल्या, "यादी कसली, भावोजी? सगळं त्यांच्या डोक्यात. पण फिरतीला निघालात तर ही तरी घेऊन जा, इथे नुसती पडून आहे." आणि त्यांनी माळ्यावरून तुझी वळकटी काढून माझ्यापुढे ठेवली.

नवीकोरी, गंग्या! वर तुझी ती गाठ, कधी न सुटलेली. मी विचारलं, "वहिनी, ही तर उंदरांनी कुरतडली होती ना?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे उंदीर कुठले? दर वर्षी सकाळी खांद्यावर घेऊन जायचे आणि घटकाभरात लहानू परत आणून टाकायचा. मी विचारलं की म्हणायचे, जागा उरली नाही."

वळकटी काखोटीला मारून मी तडक आवारात आलो. लहानू गाडीच्या चाकाला वंगण घालत बसला होता. तुला माहीतच आहे, त्याच्या वांगणीत, म्हणजे बोलीत, आदरार्थी बोलायची पद्धत नाही. तो रावसाहेबांनाही अरे-तुरे करतो आणि रावसाहेब ऐकून घेतात.

मी म्हटलं, "लहानू, ही वळकटी दर वर्षी परत कोण न्यायचं?"

"मीच. दुसरा कोन नेल?"

"का?"

त्याने बंबाकडे बोट दाखवलं. "यो ढोल चढवला का वळकटीला जागा नाय. भाऊ पयली वळकटी ठेवं, मंग ढोल ठेवं, मंग वळकटी काढं. मना बोलं, जा, घरी टाकून ये, सदाला सांगू नको."

मी बंबाकडे बघितलं, काखेतल्या वळकटीकडे बघितलं. शेवटी म्हटलं, "अरे, पण बंब लागतोच ना! मला थंड पाणी चालत नाही."

लहानू माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी बैलाला शिंगं कशाला असं विचारलं. "पानी तं हंड्यात बी तापं. तीन दगड मांडायचे, लाकडा घालायची. रानात लाकडा नाय का?"

हंड्यात! गंग्या, अकरा वर्षं! इतकी साधी गोष्ट मला सुचली नाही. पण तुला तर सुचली असणार! मग बोलला का नाहीस?

तेही लहानूनेच सांगितलं. "मी बोललू होतू भाऊला. भाऊ बोलला, त्याचे सासऱ्यान दिला हाय, आजारातून उठला हाय, त्याला काय बोलू नको. मी निजन कठं बी."

कुठेही निजेन म्हणे! आणि वर मला शहाण्यासारखं म्हणत राहिलास, विसरलो! तुझ्यावर रागवावं की काय करावं, हेच मला कळत नाही. रडलो तेवढा रडलो, गाडीच्या आडोशाला. लहानूने बघितलं, पण त्याने चाकाला पुन्हा वंगण लावायला घेतलं. चाकाला त्याची काहीच गरज नव्हती.

मग बंब लहानूच्या खांद्यावर देऊन घरी परत पाठवला. एकट्याने नेला त्याने! आमच्या घरून निरोप आला: "बरं झालं. अकरा वर्षं चिंचेने घासून माझी बोटं झिजली." म्हणजे तिलाही तो नकोच होता. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, मी सोडून.

आणि ऐक, चौथ्या खेपेला गाड्या भरल्या. जड ते आखावर, मऊ ते कडेला, तांब्यात डाळ, काचा बुटांत. नकाशे मात्र वेगळ्या नळकांड्यात, ओढे वाढायला नकोत. जू सरळ राहिलं. रावसाहेबांनी येऊन बघितलं आणि म्हणाले, "हे तुम्ही भरलंत?" मी म्हटलं, "नाही साहेब, गंगाधरपंतांनी." त्यांनी जुवावर क्षणभर हात ठेवला आणि ते ओसरीवर परत गेले. लखोटे चिकटवायला आता दुसरा कोणी बघतील.

शेवटी खांबांच्या शेजारी एकाच वळकटीची जागा उरली. तू असतास तर दोन्ही बसवल्या असत्यास, माझ्या हाताला तेवढी अक्कल नाही. बराच वेळ मी दोन्ही हातांत दोन घेऊन उभा होतो. मग माझी गादी लहानूला दिली आणि म्हटलं, "जा, घरी टाकून ये."

तेव्हा माझा शब्द घे. मुक्कामावर पोचल्यावर तुझी दोरी मी कापणार नाही. बारकं टोक शोधून तुझी गाठ तुझ्यासारखीच सोडेन, मग रात्र गेली तरी चालेल. आंघोळ हंड्यातल्या पाण्याने करीन. आणि तुझ्या अंथरुणावर मी सवयीप्रमाणे अर्ध्यातच निजेन. घोंगडी हवी तेवढी ओढ, गंग्या. मी काही बोलणार नाही.

तुझा,
सद्या