आबा, मी तुमची नक्कल केली

आबा, तीन दरवाजे, एक झरोका, कोर्टाचा कठडा आणि घडी करून टेम्पोत बसणारं सिंहासन, एवढं मी इथल्या हौशी नाटकमंडळींसाठी माझ्या हातानं केलंय. कुणाकडे शिकलो नाही. दरवाजा कितीही जोरात आपटला तरी पडद्याची भिंत हलता कामा नये, हे चुकत चुकत शोधलं. पण त्या दरवाजातून स्वतः कधी रंगमंचावर आलो नव्हतो. परवा नव्या नाटकासाठी नट निवडत होते, तर पन्नाशी उलटलेला मीही जाऊन बसलो. भूमिका म्हाताऱ्या बापाची. उतारा वाचला, एकेक अक्षर घासूनपुसून. दिग्दर्शिका माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "भाऊ, बातम्या नका देऊ. तुमच्या वडिलांसारखं बोला की."

मग मी तुम्ही झालो. नसलेली टोपी मागे सरकवली, दोनदा खाकरलो आणि म्हणालो, "बठा भाऊ, बठा. लाकूड सागनं शे. बठ्ठं काम मन्हा पोऱ्यानी करेल शे." सगळे हसून लोळले. मागून कुणीतरी ओरडलं, "डिट्टो आमचे आजोबा!" मला चेव आला. पुन्हा केलं, जास्त हेल काढून. टाळ्या पडल्या.

ते वाक्य नाटकातलं नव्हतं. दोंडाईच्याहून तुम्ही पिंप्राळ्याला माझ्याकडे राहायला आलात, त्या पहिल्या आठवड्यातलं होतं. दुकानात कपाट बघायला एक प्राध्यापक आलेत, सगळं काम माझ्या पोरानं केलंय, हे तुम्ही त्यांना हौसेनं आपल्या अहिराणीत सांगताय, आणि माझा रंधा थांबलाय. ते गेल्यावर मी म्हणालो, "गिऱ्हाइकासमोर तुम्ही तोंड उघडू नका. लोकांना वाटतं, गावंढळ सुतार आहे." तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं." पुढे चार वर्षं, तुम्ही जाईपर्यंत, गिऱ्हाईक दिसलं की तुम्ही उठून शेजारच्या शिंप्याच्या ओट्यावर जाऊन बसायचात. भर उन्हातसुद्धा. मी एकदाही हाक मारली नाही.

आज सकाळी त्या दिग्दर्शिकेचा फोन आला. हातात कामं फार आहेत, म्हणालो. एकही काम नाही, आबा. ती बोलत असताना ते हसणं पुन्हा ऐकावंसं वाटलं, त्याची लाज वाटून नाही म्हणालो. हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहितो. ती देत होती बापाची मुख्य भूमिका, जळगाव-धुळ्यात मिळून सहा प्रयोग, आणि प्रयोगाला दोन हजार रुपये, तुमच्या बोलण्याचे.