गेटावरचा मुराळी

रविवार, दिवेलागणीला

राधे, माझ्या वहीचं कालचं पान लिहायचं इसरलीस. अक्षर न येणारी आज्जी सांगायचं इसरत न्हाय, अन् कॉलेज शिकलेली नात लिहायचं इसरती. वा गं वा! आता लिही.

आज चांदोलीच्या जंगलात जायचं ठरवत होतो. मोबाईलमधी बघून तू विचारलंस, "आज्जी, कुठल्या गेटनं आत जायचं?" मला हसूच आलं. माझं माहेर त्या जंगलाच्या पोटात. जंगल राखायला गाव उठवलं, अन् आता माहेरात शिरायला गेट!

हसले खरी, पण मग मनात आलं. लग्नानंतर माहेरी मी आपणहून कधी गेले न्हाय. दादा मुराळी म्हणून न्यायला यायचा, मगच पाऊल उचलायचं. आता दादा न्हाय. न्यायला कुणी येत न्हाय तिथं जावं का? गाव नसलं तरी माहेर असतंय का? दुपारभर हेच डोक्यात.

मग तू वाचून दाखवलंस, गेटवर गाईड गाडीत बसतो, त्याच्याबिगर आत सोडत न्हाईत.

"मग मुराळीच की त्यो!"

"आज्जी, सरकारी माणूस हाय त्यो."

"असंना का. न्यायला येतोय न्हवं?"

तर आमच्या जुन्या वाटेकडचं गेट धर. अन् तुझ्या आईला सांग, त्या गाईडासाठी पुरणपोळ्या अन् तूप बांधून दे. मुराळी उपाशी ऱ्हायला तर सासरचं नाव जातंय.