बुटांवरचा चिखल

बाबा,

चाळीस वर्षं तुम्ही या डोंगरावर वाटाड्या होतात, त्यामुळे आता थंडी असो की ऊन, राष्ट्रीय उद्यानात जाता याचं नवल नव्हतं. पण भर पावसात माथ्यावर जाऊन आलात आणि बुटांना चिखलाचा ठिपकाही नाही? मनात शंकेची पाल चुकचुकली. आई तर म्हणाली, "कुणीतरी आहे तिकडे."

आज तुमच्या मागोमाग फाटकापर्यंत आले. तुम्ही बाकावर गुडघे चोळत बसला होतात आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारत होतात, "वर काय फुललंय?"

घरी आल्यावर तेच आम्हाला रंगवून सांगितलंत.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. आई बूट तपासायच्या आत त्यांना चिखल मात्र फासून ठेवलाय.

तुमची संशयी,
धाकटी