गोरखची लेन्स आणि चुकलेली भरती

नळावरच्या बायका माझ्या सुनेला 'पोरगं खाल्लेली' म्हणतात आणि माझा मुलगा बळीराम खाली मान घालून ऐकतो. वर म्हणतो, पोराचं वर्षश्राद्ध झालं की तिला नेऱ्याला माहेरी पोचवतो. हे आधी लिहिलं. आता रामराम.

मी गोदूबाई काशीराम घरत, वय एकाहत्तरच्या आसपास, राहणार गव्हाण, तालुका पनवेल, शिक्षण दुसरी. छातीत पाणी झालंय, पण डोकं जागेवर आहे. कोणाच्या धाकाने नाय, स्वतःच्या हाताने लिहिते.

माझ्या नावचं राहतं घर व मागचे दोन माड सून सुनिता हिला. बळीरामला राहायचं तर तिला विचारून राहावं.

मिठागरातलं नवऱ्याचं फावडं बळीरामला. त्याने ते कधी धरलं नाय, आता धरावं.

नथ धाकटी जाऊ चिंधी हिला. तीस वर्षं डोळा होता, घे बाई. पण नळावर पहिलं तोंड तूच उघडलंस, म्हणून तिथेच, मोठ्याने, सुनिताची माफी माग आणि मग घाल.

नातू गोरख याचा कॅमेरा व हातभर लांब लेन्स सुनिताला. तिनेच पाटल्या मोडून ती जुनी लेन्स घेऊन दिली होती, म्हणून गाव तिला दोषी धरतं. बळीराम म्हणतो, अपशकुनी आहे, खाडीत टाकतो. टाकायची नाय. गोरख उडत्या कुरवांचे फोटो काढायचा. मी म्हणायचे, "मासे खाणाऱ्या पाखराला काय बघायचं?" तो म्हणायचा, "आजे, पंख वर असताना बोट दाबायचं. चुकलं तर फोटोत कावळा येतो." पाणी चढलं की पाखरं चिखलावरून उठतात, म्हणून तो भरतीआधी चिखलात जाऊन उभा राहायचा.

कॅमेरा नि लेन्स तिवराच्या फांदीला पिशवीत टांगलेली, कोरडी सापडली. गोरख तिसऱ्या दिवशी सापडला. कॅमेऱ्यातला रोल धुवून घ्यावा. पंख वर असोत की खाली, सगळे फोटो सुनिताला द्यावेत.

आता जे वर्षभर गिळलं ते. भरती तिथीवर चालते, रोज पाऊण तास पुढे. कॅलेंडर न बघता मी बोटांच्या पेरांवर तिथी मोजली आणि त्याला सांगितलं, "आज चौथ. पुरं पाणी तीनला. एकला माघारी फिर." त्या पंधरवड्यात बीज दोन दिवस होती, मी एकच धरली. ती चौथ नव्हती, तीज होती. पाणी पाऊण तास आधी आलं आणि त्याच्यामागचा नाला भरला. सुनिताने नाय, मी मारला. रोज चुलीपाशी तिच्यासमोर बसते, भाकरी तिच्या हातची खाते, तोंड उघडत नाय. मेल्यावर तरी उघडावं म्हणून हा कागद.

सही: गोदूबाई काशीराम घरत
साक्षीदार: १) धर्मराज विठू म्हात्रे २) अवधूत राघो ठाकूर
ठिकाण: गव्हाण. तारीख: ४ डिसेंबर १९९४

खाली जागा उरली म्हणून लिहिते. मी गोरखला वेळ सांगितली तेव्हा बळीराम, तू ओट्यावर कोयता घासत होतास. त्याच संध्याकाळी कॅलेंडरावरची तिथी बघून ते भिंतीवरून तूच काढलंस. कागद वाचून झाला की सुनिता विचारील, "तुम्हांला ठाऊक होतं?" धर्मराजने बोलायचं नाय, अवधूतनेही नाय. बळीरामने उभं राहून, तिच्याकडे बघून उत्तर द्यायचं.