डावी रिकीब

७ फेब्रुवारी

ती. आत्यास कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्यात पंतोजींची खुशाली आधी विचारलीस आणि माझी नंतर, हे मी लक्षात ठेवलंय. तर घोड्याची तब्येत उत्तम, स्वाराची बेताची. या स्पर्धेतही आम्ही बाद झालो. पहिल्या दिवशी रिंगणातल्या चाली अशा सुरेख झाल्या की पंचही मान डोलवत होते. दुसऱ्या दिवशी मैदानी दौड. ओंडके, खंदक, कुंपणं सगळं पंतोजी हसतखेळत ओलांडून गेले आणि पाण्याशी येताच चारी पाय रोवून उभे राहिले. पुन्हा पुन्हा वळवून आणलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या दिवशीच्या उड्या मी प्रेक्षकांत बसून पाहिल्या.

घरी बाबांनी निकाल लावून टाकला की पुढच्या स्पर्धेत घोडा पाण्यात उतरला नाही तर विकून मोकळं व्हायचं. त्यांना काय, घोड्याचा नुसता वास आला तरी शिंका सुरू होतात. मला मात्र पंतोजींवाचून एक दिवस करमणार नाही.

आता खरी गोष्ट. चष्म्याचं दुकान उघडायच्या आधी मी रोज पागेत जाते. हल्ली खोगिराखालचं कापड ओलसर लागतं आणि पंतोजींच्या पोटाला घाम सुकलेला असतो. माझ्या आधी कुणीतरी त्यांना पळवून आणतं. राखणदार म्हणतो कुणी येत नाही, पण म्हणताना बादलीकडे बघतो. माझा संशय शेजारच्या ठाणातल्या दंतवैद्यबाईंवर आहे. त्याही याच स्पर्धेत उतरतात. माझा घोडा आधीच दमवून ठेवायचा, दुसरं काय!

लोभ असू दे आणि उत्तर लवकर धाड.

तुझी
भिंगरी

१५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

पत्र वाचून कंबरदुखी विसरले. घोड्यावरून पाण्यात पडून कंबर मोडली तरी माझं नाक शाबूत आहे, आणि त्याला इथपर्यंत काळंबेरं असल्याचा वास येतोय. पण नुसत्या संशयावर कुणाच्या अंगावर धावून जाऊ नकोस. शिंप्याचा निळा खडू घे आणि खोगिराला मांडी टेकते त्या जागी चांगला चोळून ठेव. मग बघ कुणाचे कपडे निळे होतात ते. आमच्या वेळी रात्री घोडे पळवणारा असाच धरला होता.

दादाच्या अटीचं मनावर घेऊ नकोस. त्याचं बोलणं नेहमी त्याच्या मनापेक्षा कडक असतं. वहिनीला नमस्कार सांग.

लोभ आहेच, शहाणपण तेवढं तू वाढव.

तुझी आत्या

२७ फेब्रुवारी

ती. आत्यास कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या खडूनं माझी पार शोभा केली. दुसऱ्याच दिवशी दंतवैद्यबाईंच्या विजारीवर निळा डाग दिसला आणि मी चारचौघांत वाटेल ते बोलून मोकळी झाले. त्यांनी शांतपणे खिशातून गळकं पेन काढून दाखवलं. आता त्या माझ्याशी बोलत नाहीत. राखणदाराला सांगत होत्या म्हणे, की माझा दात दुखला तर त्या भूल न देता काढतील.

खडू मात्र रोज पुसलेला असतो. आणखी एक सांगायचं राहिलं. उजवी रिकीब माझ्या मापाला जशीच्या तशी असते, पण डावीचा पट्टा रोज एक भोक खाली. मी वर घेते, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. चोर लंगडा आहे की विसराळू, काही कळत नाही. शिवाय पंतोजींच्या पोटापर्यंत ओल असते, म्हणजे कुणीतरी त्यांना मागच्या ओढ्यावर नेतंय. पाण्याला आधीच भ्यालेला घोडा आणखी भेदरवायचा हा डाव असणार. रविवारी पहाटे गवताच्या गंजीमागे दडून बसणार आहे. पत्र मिळताच कळव, लाठी बरोबर घेऊ की नको?

लोभ राहू दे, मला इथं तुझ्याशिवाय कुणाचा भरवसा उरला नाही.

तुझी
भिंगरी

१ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

लाठी नको आणि गंजीमागे बसणंही नको. पहाटेची थंडी वाईट असते. मला वाटतं आपण उगाच राईचा पर्वत केला. घोडा खातोपितोय ना? मग झालं. चाललंय ते चालू दे. डावी रिकीब वर घे आणि आपली तालीम कर.

माझा लोभ आहे, एवढ्यावर विश्वास ठेव.

तुझी आत्या

१६ मार्च

ती. आत्यास सा. न.

'वि. वि.' लिहीत नाही, कारण तुला विनंती करण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. आधी खडू चोळ म्हणालीस आणि रिकिबीचं ऐकताच चालू दे म्हणालीस, आणि तुझं ऐकून मी गंजीमागे बसलेही नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तूही त्यांना सामील आहेस.

परवा कपडे धुवायला घेतले तर बाबांच्या सदऱ्याच्या बाहीला निळा खडू! पहाटे फिरायला जातो सांगून ते पागेत जातात आणि कुणा लंगड्या गिऱ्हाइकाला माझा घोडा चालवून दाखवतात. खोगीर उचलून देताना खडू लागला असणार. मी सरळ विचारलं की सौदा कितपत जमला. ते चष्मा पुसत बसले. मग मी म्हणाले, निदान स्पर्धेपर्यंत तरी थांबायचं होतं, असा बाप देव कुणाला न देवो. आई मला ओरडली. बाबा उठून बाहेर गेले.

रविवारी स्पर्धेतली मैदानी दौड आहे. बहुधा पंतोजींची आणि माझी शेवटची.

लोभ आहे असं तू म्हणतेस, म्हणून धरून चालते.

भिंगरी

१८ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझी लेक तुला घोडेविक्या समजते आणि तू चष्मा पुसतोस! डावी रिकीब एक भोक खाली, हे वाचलं आणि मला तुझा गुडघा आठवला. मी पाण्यात पडले त्या दिवशी मला ओढून काढायला तू उडी घेतलीस आणि गुडघा दगडावर फुटला. तेव्हापासून डावा पाय पुरता वाकत नाही. त्यानंतर तू घोड्यावर बसला नाहीस. का बसत नाहीस ते पोरीनं विचारू नये म्हणून त्या शिंकांचं सोंग काढलंस, आणि आम्ही सगळ्यांनी ते चालू दिलं.

अट घातलीस तेव्हा वाटलं असेल की ती भिऊन नाद सोडेल. पण तीही तुझीच मुलगी. नाद सोडणार नाही म्हटल्यावर निदान घोडा तरी पाण्याला धीट व्हावा, म्हणून या वयात तो गुडघा घेऊन तू पहाटे ओढ्यात उतरतोस, हे मला न सांगता कळलं. मी तिला काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस.

तू सांगणार नाहीस, हेही मला ठाऊक आहे. मग रविवारी पाण्यापाशी नुसता उभा तरी राहा.

तुझ्या लोभावर वाढलेली,
धाकटी

२५ मार्च

ती. आत्यास कृ. सा. न. वि. वि.

या वेळी 'वि. वि.' लिहिलंय, आणि विनंती एकच. मागच्या पत्रात जे लिहिलं ते फाडून टाक.

मैदानी दौडीत पाणी दिसू लागलं. माझे हात आखडले, आता हे थांबणार अशी खात्रीच झाली. तेवढ्यात पंतोजींनी कान टवकारले. मीही तिकडे पाहिलं. पाण्यापलीकडे, दोराच्या बाहेर, डाव्या पायाला आराम देत बाबा उभे होते. आजवर ते माझ्या एकाही स्पर्धेला आलेले नव्हते. पंतोजी मला न विचारताच पाण्यात शिरले आणि शिंतोडे उडवत तडक त्यांच्या रोखानं निघाले. पुढच्या अडथळ्याकडे वळवताना माझी कोण तारांबळ उडाली! सगळ्यांत मोठा संशय मी बाबांवर घेतला होता आणि भर मैदानात घोड्यानंच त्यांची चुगली केली. ती डावी रिकीब कुणाची, ते मला तिथं पाण्यातच कळलं.

शेवटच्या दिवशीच्या उड्याही पार पडल्या. आमचा नंबर सातवा. दंतवैद्यबाई तिसऱ्या आल्या. मी जाऊन माफी मागितली, तेव्हा भूल देऊ म्हणाल्या.

सगळं आटोपल्यावर बाबा पंतोजींच्या ठाणाशी आले. मी नुसती रडत होते. ते म्हणाले, पाण्याआधी हात आखडतेस, ते सोड. पंतोजींनी त्यांच्या कोटात नाक खुपसलं, सगळा कोट लाळेनं भिजवला, तरी बाबा त्यांची मान थोपटत कितीतरी वेळ तसेच उभे होते.

आत्या, त्यांना एकही शिंक आली नाही.

तुझा लोभ मला पुरून उरलाय, आता थोडा त्यांच्या गुडघ्यालाही पाठव.

तुझीच
भिंगरी