आवृत्ती दोनचा पक्का प्लॅन

२ जानेवारी
आवृत्ती दोन मार्चअखेर. म्हणजे अखेर! आमचं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सगळ्यांना खुलं आहे, म्हणून काय ते गबाळं असावं? आजपासून शिस्त. सॉफ्टवेअरच्या दोन ब्रँच, म्हणजे समांतर शाखा. लोक वापरतात ती 'स्थिर', नवं काम चालतं ती 'पुढची'. दोघांची संमती असल्याशिवाय 'स्थिर'मध्ये एक ओळही जाणार नाही. दोघं म्हणजे मी आणि कॉलेजपासूनचा भिडू. तो म्हणाला, आपण दोघंच तर आहोत, नियम कशाला? दूरदृष्टी नाही.

१९ जानेवारी
ताईचा फोन. तिच्या शाळेच्या ग्रंथालयात आमचंच सॉफ्टवेअर. जमा केलेली पुस्तकं ते बाहेरच दाखवतं आणि मुलं उगाच बोलणी खातात. भिडूने लगेच दुरुस्ती केली. मी अडवली. सुट्या दुरुस्त्या वाटत बसलो तर रिलीजला काय उरणार? ताईला म्हटलं, जरा कळ काढ.

११ मार्च
फ्रीझ जाहीर. आता नवीन काही नाही. दुपारी रंगांची एक झकास कल्पना सुचली. तिच्यासाठी तिसरी ब्रँच काढली, 'पुढचीच्या पुढची'. याला फ्रीझ मोडणं म्हणत नाहीत.

३१ मार्च
कुठल्या वर्षीचा मार्च, ते मी लिहिलं नव्हतं.

७ मे
भिडू काम सोडून गेला. भांडलासुद्धा नाही, तेच लागलं. एवढंच म्हणाला, "तुला सॉफ्टवेअर नकोय. तुला प्लॅन हवाय." जाऊ दे. एकट्याचे निर्णय लवकर होतात.

८ मे
ताईची दुरुस्ती, सोबत जरासे नवे रंगही, 'स्थिर'मध्ये घालायला गेलो. कॉम्प्युटर दुसऱ्या माणसाची संमती मागतोय. नियम काढता येतो, पण मग शिस्तीला अर्थ काय? बायकोला म्हटलं, तू संमती दे. ती म्हणाली, वाचल्याशिवाय देणार नाही. वाचायला बसली आणि तिने विचारलं, हे रंग कशाला? विषय मिटवला.

२२ जून
आवृत्ती दोनची नवी तारीख सांगायला ताईकडे गेलो. मुलं रांगेत, पुस्तकं पटापट जमा होत होती. स्क्रीन ओळखीची, नाव वेगळं. भिडूने आपली वेगळी प्रत काढून दुरुस्ती घालून दिलेली. काढू दे, कुणीही काढावी असं मीच ठळक लिहून ठेवलंय. ताई म्हणाली, "रागावू नकोस रे. पोरांना किती दिवस बोलणी खायला लावू?" म्हटलं, छे, राग कसला. खूप वाईट वाटलं.

घरी येऊन भिडूची प्रत तपासली. एक चूक सापडलीच! दुरुस्त करून पाठवली. चहा होईपर्यंत त्याने घेतलीसुद्धा. विचारलं, कुठल्या ब्रँचमध्ये टाकलीस?

म्हणाला, एकच आहे.