कुंपणाबाहेरची विहीर

बाबा, मी नेमकं काय काम करते हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही गेलात तेव्हा मी ते नुकतंच धरलं होतं. मी कारखान्यांत जाते, ते पाणी किती उपसतात, घाण कुठे सोडतात ते बघते, आणि काय सुधारायचं ते लिहून देते. कारखान्यांची परदेशातली गिऱ्हाइकं आता असा अहवाल मागतात. तुम्ही भूजल खात्यात जन्मभर विहिरी मोजल्या. माझं काम तुमच्याच कामाच्या शेजारचं आहे, फक्त मी एसी गाडीतून जाते.

मोर्शीकडचा तो दिवस आठवतो. मी आठवीत, उन्हाळ्याची सुट्टी, तुमच्या स्कूटरवर मागे. तुम्ही लोखंडी फितीला खडू घासता, गुडघे टेकून ती विहिरीत सोडता, आणि खडू जिथवर भिजला तिथला आकडा मला सांगता. तीनदा सोडता, प्रत्येक विहिरीत तीनदा. शेवटची विहीर तुम्ही माझ्यावर सोपवली आणि संत्र्याच्या बागेत सावलीला बसलात. मला ऊन सोसेना. मी मागच्या खेपेचा आकडा बघून त्याच्या जवळपासचा लिहून आणला. तुम्ही वहीकडे पाहिलं. "विहिरीत पाहून लिहिलं का वहीत पाहून?" वही माझ्या हातात परत दिलीत. "जाय परत. पाणी तुह्या वहीले विचारून खाली जात नाही." तेवढंच बोललात, आणि मी रडत परत गेले.

यंदा अकोल्याजवळ सूत रंगवणाऱ्या एका कारखान्याचं काम आलं. सगळं चकचकीत होतं. सांडपाण्याचा थेंबही बाहेर जात नाही, असं मॅनेजर सांगत होते, आणि कागद तसंच म्हणत होते. मी म्हटलं, मागच्या बाजूला एक चक्कर मारते. "मॅडम, कुंपणाच्या आतलं तेवढं लिहा," ते हसून म्हणाले. मी गेले. भर दुपार होती, वारा पडलेला, कपाशीचं पानही हलत नव्हतं. कुंपणापलीकडे एक जुनी विहीर आणि काठावर म्हैस धरून उभी असलेली एक बाई.

"पुन्हा मोजाले आल्या का?" तिनंच विचारलं. "तुमचे साहेब तर सकाळीच मोजून गेले."

"कोण साहेब?"

"ते म्हातारे नाही का. फितीले खडू घासला, तीन डाव सोडली आत. मले म्हणले, बाई, हे पाणी जनावरालेही पाजू नोको." मग म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मंग आता आमी जावं कुठं?"

विहिरीच्या दगडावर खडूची पांढरी भुकटी सांडली होती. मी बोट टेकवलं तर बोटाला लागली. गाडीत बसून तुमच्या जुन्या ऑफिसात फोन केला. तिकडे कुणी नाही गेलेलं, आता यंत्रं बसलीत, फीत कुणी वापरत नाही, असं सांगितलं त्यांनी. तरी मी परत गेले आणि त्या विहिरीचं पाणी बाटलीत भरलं. एकदा नाही, तीन वेगवेगळ्या दिवशी.

तिन्ही वेळा पाण्यात रंगाची रसायनं निघाली. कारखान्याच्या एका हौदाला तळाशी चीर होती. मी ते लिहिलं. मॅनेजर फोनवर ओरडले, आमच्या कंपनीचं ते काम गेलं, माझे साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण अहवाल गिऱ्हाइकाकडे पोचला होता. हौद फोडून नवा बांधला, विहिरीजवळच्या वस्तीवर नळ आला. हीच विहीर का निवडली, या रकान्यात मी 'स्थानिक महिलेच्या सांगण्यावरून' असं लिहिलं. ते खोटं नाही.

हे पत्र मी कुणालाच दाखवणार नाही. घरच्यांना वाटेल, कामाचा ताण झाला. तुम्हाला मात्र एक सांगायचं आहे. गेल्या महिन्यात, काही काम नसताना, मी पुन्हा तिथे गेले. तीच बाई वाटेत भेटली. माझ्या मागे, विहिरीच्या बाजूला बघत म्हणाली, "ते काय, साहेब आताच आले." इतकी वर्षं मी तुम्हाला एकदा बघायला मिळावं म्हणून झुरले, बाबा. आणि मी मान वळवली नाही. सरळ गाडीत जाऊन बसले. मला तुमची भीती वाटली.